पहिले चौदा दिवस

परदेशात नोकरी म्हटली की मराठी घरात दोनच माणसे आठवतात: आखातात गेलेला वेल्डर आणि अमेरिकेत गेलेला सॉफ्टवेअरवाला. उलट दिशेने, परदेशातून आपल्याकडे नोकरीला येणारी माणसे आपण जमेस धरत नाही. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला मात्र ती नवी नाहीत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. पुढे दापोडीला सँडविक, अल्फा लाव्हल, ॲटलास कॉप्को ही स्वीडिश नावे आली, चिंचवडला एसकेएफ, पिंपरीत जर्मन केएसबी. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि माळरानावर शेड उठू लागल्या. मर्सिडीज-बेंझ १९९५च्या सुमारास पिंपरीत टेल्कोच्या आवारात मोटारी जुळवू लागली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या जागेत गेली. त्याच वर्षी ३१ मार्चला चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८चा. तो जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईच्या ताब्यात गेला. जर्मन, जपानी, कोरियन अशी तिन्ही माणसे आज तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या एकाच ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात.

या प्रकरणात चाकणला येणारा आणि चाकणहून जाणारा असे दोघेही आहेत. कारण साधे आहे. परका माणूस नोकरीला आला की प्रत्येक देश त्याला तेच प्रश्न विचारतो: कशासाठी आलास, राहतोस कुठे, पगार कोण देतो, कर आणि वर्गणी कुठे भरतोस, जाणार कधी. शेजारच्या टेबलावरच्या कोरियन साहेबाला चाकणमध्ये काय काय करावे लागते हे ज्याला कळले, त्याला नागोया किंवा स्टुटगार्टला जाऊन निम्मी वाट आधीच माहीत असते. फरक एकच, आणि तो मोठा आहे. येणाऱ्या साहेबाची कागदपत्रे कंपनीने नेमलेली एजन्सी करते. जाणाऱ्या आपल्या पोराची कुणी करत नाही, किंवा जो करतो तो पैसे काढतो.

आधी येणाऱ्याचे. चाकणच्या कारखान्यात दिसणारा परदेशी माणूस बहुतेक वेळा मूळ कंपनीने दोन-चार वर्षांसाठी पाठवलेला असतो. प्लँटचा प्रमुख, क्वालिटीचा अधिकारी, पेंट शॉपचा जाणकार, असा. लाइनवर बोल्ट आवळायला परदेशी माणूस आणता येत नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसा मिळतो तो कुशल आणि वरच्या पात्रतेच्या कामाला. जे काम करायला भारतीय माणसे सहज मिळतात त्याला नाही. पगाराचीही किमान अट आहे. पूर्वी ती वर्षाला २५ हजार डॉलर होती, मग रुपयांत सव्वासोळा लाख झाली. परदेशी खाद्यपदार्थ बनवणारे आचारी आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक-दुभाषे यांना या अटीतून सूट आहे. कोरियन कँटीनचा आचारी आणि जपानी दुभाषा चाकणला कसे येतात, त्याचे उत्तर इथे आहे.

हा व्हिसा कंपनीला बांधलेला असतो. पगार आवडला नाही म्हणून शेजारच्या कंपनीत उडी मारता येत नाही. मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी एवढ्यापुरती सवलत आहे. एरवी देश सोडायचा आणि नव्या व्हिसावर परत यायचे. जपानमध्येही आपल्या मुलांना हाच अनुभव येतो. तिथल्या तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेत, ज्यासाठी भारत-जपान करार २०१७ मध्ये झाला, मालक बदलण्याची मुभा जवळपास नाही. २०१९च्या एप्रिलपासून जपानने ‘विशिष्ट कुशल कामगार’ असा वेगळा व्हिसा सुरू केला. त्यात त्याच क्षेत्रात दुसरा मालक धरता येतो. दोन्हींची जाहिरात आपल्याकडे ‘जपानमध्ये नोकरी’ एवढ्याच शब्दांत होते. आपण कोणत्या दाराने चाललो आहोत, हे विचारून घ्यावे. फरक तीन वर्षे टिकतो.

बिझनेस व्हिसाचे प्रकरणही समजून घेण्यासारखे आहे. तो बैठकीसाठी, खरेदी-विक्रीच्या बोलण्यांसाठी असतो, कामासाठी नाही. २००९ साली देशभरच्या प्रकल्पांवर बिझनेस व्हिसा घेऊन प्रत्यक्ष काम करणारे हजारो लोक, त्यांत मुख्यतः चिनी, आढळले. सरकारने त्यांना ३१ ऑक्टोबर २००९ पर्यंत मायदेशी जाऊन योग्य व्हिसा घेऊन यायला सांगितले. मशीन विकणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ मशीन बसवायला तीन आठवडे आला तरी त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसाच लागत असे. अलीकडे काही उद्योगांसाठी हे सैल झाले आहे. म्हणजे नियम हलता आहे, आणि तिकीट काढण्याआधी विचारायची गोष्ट आहे. आपल्याकडून जाणाऱ्यांच्या बाबतीत याचा अर्थ आणखी सरळ: ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर वर्क परमिट करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या ऑफिसातून चहा न घेता उठावे.

आता ते चौदा दिवस.

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. पूर्वी यासाठी पुण्याच्या पोलिस आयुक्तालयात फायली घेऊन बसावे लागे. २०१८ पासून हे काम ई-एफआरआरओ या पोर्टलवर होते: पासपोर्ट, व्हिसा, फोटो, नोकरीचा करार, कंपनीचे हमीपत्र आणि राहण्याचा पुरावा चढवायचा. कायदाही बदलला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० अशा चार जुन्या कायद्यांच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला आहे.

गंमत अशी की जर्मनीतही घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवावे लागते, आणि जपानमध्येही राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत. कोरिया जरा उदार आहे, तिथे ९० दिवस मिळतात. नोंद वेळेत झाली नाही तर दंड होतोच, पण खरा त्रास पुढे होतो, कारण बाकीचे सगळे कागद या एका कागदाला लटकलेले असतात. जर्मनीत नाव नोंदवले की कर-क्रमांक घरी टपालाने येतो. तो नसेल तर पहिल्या पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जातो. आणि तो क्रमांक येतो तेव्हा पत्रपेटीवर तुमचे आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. खोली दुसऱ्याच्या नावावर घेऊन राहणाऱ्या नव्या मुलांचे महिना-महिना जे अडते ते बऱ्याचदा एवढ्यावरून. चिकटपट्टीने का होईना, आडनाव पेटीवर लावायचे. जपानमध्ये विमानतळावर मिळालेल्या रेसिडेन्स कार्डाच्या मागच्या बाजूला नगर कार्यालय पत्ता छापून देते, आणि मोबाइलचे सिमकार्ड, बँक, आरोग्यविमा सगळे तो पत्ता पाहून पुढे सरकतात. भारतात व्हिसाची मुदतवाढ नोंदणीच्या कागदावर होते, देश सोडतानाही तो पाहिला जातो. गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसाला आधारही काढता येते.

पण राहण्याचा पुरावा आणायचा कुठून? इथे आपण घरमालक लोक या गोष्टीत येतो. परदेशी माणूस घरात, लॉजवर किंवा कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची असते, राहणाऱ्याची नाही. वर्षानुवर्षे याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. त्यात काय असते? पासपोर्ट आणि व्हिसाचा क्रमांक, कुठून आला, भारतात कधी उतरला, इथे कधी आला, किती दिवस राहणार, कशासाठी, पुढे कुठे जाणार, आणि फोटो. हॉटेलवाले हे झोपेतही भरतात. फ्लॅटचा मालक मात्र ‘ते पोलिसांचं काय ते कंपनी बघेल’ म्हणून मोकळा होतो आणि भाडेकरूची चौदा दिवसांची घडी अडते. कारण त्याच्या नोंदणीला हा कागद लागतो. पिंपळे सौदागरला किंवा वाकडला फ्लॅट परदेशी माणसाला देणार असाल तर चावी देण्याच्या दिवशीच पोर्टलवर खाते काढून ठेवा. जर्मनीत याचीच उलटी बाजू दिसते: घरमालकाने सही केलेला ‘हा माणूस माझ्या घरी राहतो’ असा कागद असल्याशिवाय नगर कार्यालय नाव लिहीत नाही. खोली ठरवताना तो कागद देणार का, हे भाड्याच्या आधी विचारायचे.

भाडेकराराचेही असेच. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. आपण घरबसल्या अंगठा लावून तो ऑनलाइन करतो, पण त्याला आधार लागते. नव्याने आलेल्या जर्मन माणसाकडे आधार कुठले? मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाणे आले. म्हणून बहुतेक कंपन्या घर आपल्याच नावावर घेतात आणि माणसाला राहायला देतात. सोय होते, पण नोकरी सुटली की घरही सुटते, हे येणाऱ्याने लक्षात ठेवावे. जपानला जाणाऱ्या आपल्या मुलांना तर हे आणखी लागू आहे, कारण तिथे मालक घर देतो आणि त्याचे भाडे, वीज, पाणी पगारातून कापतो. करारात ती कपात आकड्यांत लिहिलेली असली पाहिजे.

घर कुठे घ्यायचे हा प्रश्न कुटुंब असेल तर शाळा ठरवते. मर्सिडीजच्या परदेशी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९९८ साली सुरू झालेली शाळा हिंजवडीत आहे. आज तिचे नाव महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल. एकटे असणारे कोरेगाव पार्क, कल्याणीनगर पसंत करतात आणि मग रोज तीसेक किलोमीटर नाशिक रस्त्याने चाकण गाठतात. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, मग आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक. नकाशावरचे अंतर इथे कामाचे नाही. पहिल्या शिफ्टच्या आधी निघालात तर जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट तासाभराने निघाल्यावर लागतो. करार करण्याआधी भावी घरापासून कारखान्यापर्यंत कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी एकदा जाऊन यावे. हा सल्ला फुकटचा वाटतो, पण तो न ऐकलेल्यांनी वर्षाच्या आत घरे बदललेली आहेत.

पगाराचा भाग किचकट आहे, पण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. भारतीय नोकरदाराच्या पीएफची कायदेशीर सक्ती महिना १५,००० रुपयांच्या वेतनापर्यंत आहे. त्यावर १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. परदेशी माणसाला ही मर्यादाच नाही. १ ऑक्टोबर २००८ पासून ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ असा वेगळा वर्ग केला गेला आणि त्याच्या पूर्ण वेतनावर वर्गणी लागू झाली, मग त्यातला काही पगार सोलला किंवा म्युनिकला जमा होत असला तरी. पीएफला पात्र वेतन ३ लाख असेल तर त्याचे ३६,००० आणि कंपनीचे ३६,०००, दर महिन्याला. शेजारी बसणाऱ्या भारतीय सहकाऱ्याशी केलेला हा भेदभाव असल्याचे म्हणत कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही तरतूद रद्द ठरवली, तर दिल्ली उच्च न्यायालयाने नंतर ती उचलून धरली. वाद चालू आहे, वर्गणीही चालू आहे.

यातून सुटण्याचा रस्ता म्हणजे सामाजिक सुरक्षा करार. दक्षिण कोरियाशी असलेला भारताचा करार १ नोव्हेंबर २०११ पासून, जपानशी १ ऑक्टोबर २०१६ पासून, आणि जर्मनीशी व्यापक करार १ मे २०१७ पासून लागू आहे. मायदेशातल्या पेन्शन संस्थेने ‘हा माणूस आमच्याकडे वर्गणी भरतो’ असे कव्हरेज सर्टिफिकेट दिले की भारतात ठरावीक मुदतीपर्यंत पीएफ भरावा लागत नाही. हे प्रमाणपत्र निघण्याआधी घ्यायचे असते. इथे आल्यावर आठवले तर मधले महिने वर्गणी जाते.

आणि हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो. चाकणच्या जर्मन कंपनीने आपल्या मुलीला दोन वर्षांसाठी वोल्फ्सबुर्गला पाठवले तर तिला असेच प्रमाणपत्र आपल्या ईपीएफओकडून मिळते आणि तिथली पेन्शनची कपात वाचते. पण पाठवले असेल तरच. इथला राजीनामा देऊन तिथल्या कंपनीत थेट नोकरी धरली तर ती तिथलीच कामगार, वर्गणीही तिथलीच. जर्मनीत पगार ठरवताना तोंडाने सांगितला जातो तो कपातीच्या आधीचा. अविवाहित माणसाला महिना ३,००० युरो ठरले तर हातात साधारण २,००० ते २,१०० येतात. त्यातून घरभाडे, आणि घरटी १८.३६ युरोची रेडिओ-टीव्हीची मासिक वर्गणी, टीव्ही असो वा नसो. ‘तीन हजार गुणिले शंभर’ असा हिशोब करून इथे कर्ज काढणाऱ्याने हे आधी वाचावे.

आयकरात येणाऱ्याने एक तारीख पाहावी. आपले वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्या वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तो रहिवासी. १ ऑक्टोबरला आलेल्या माणसाचे ३१ मार्चपर्यंत, लीप वर्ष नसेल तर, बरोबर १८२ दिवस भरतात. २ ऑक्टोबरला आलेल्याचे १८१. नव्याने आलेल्या रहिवाशाच्या परदेशातल्या उत्पन्नाला पहिली काही वर्षे बहुधा हात लागत नाही, पण इथे केलेल्या कामाचा पगार जगात कुठेही जमा होवो, कर इथे लागतो. पहिल्या पगाराआधी पॅन काढणे हे यातले सगळ्यात सोपे काम.

कागद संपले की माणसे सुरू होतात. नवा आलेला साहेब पहिल्याच आठवड्यात गोंधळतो तो गुरुवारी. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी हलका-जड होऊ नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले होते, त्यातून ही पद्धत पडली. मोठ्या कंपनीचा रविवार आणि भोसरीतल्या वेंडरचा गुरुवार यांचा मेळ न घालता ‘उद्या पार्ट हवा’ म्हणणाऱ्याला बुधवारी संध्याकाळी उत्तर मिळत नाही. आणखी दोन तारखा कॅलेंडरवर हव्यात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार पडतात आणि प्रॉडक्शन थोडे थांबते. त्या पूजेला साहेबाने यावे, नारळ फोडावा, पेढा खावा. आणि ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमी. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची पालखी निघते, तुकोबांचा मुक्काम आकुर्डीला पडतो, रस्ते वळवले जातात. हा पट्टा देहू-आळंदीच्या मधोमध वसला आहे, त्यामुळे डिस्पॅचचे नियोजन करताना पंचांग लागते.

शॉप फ्लोअरवर भाषेचा खरा कस लागतो तो डाय ट्रायलला. प्रेसमधून पहिला पॅनेल बाहेर येतो. जपानी तज्ज्ञ हातमोजा काढून कडेवरून बोट फिरवतो, एका जागी थांबतो, दोन वाक्ये बोलतो. दुभाषा ती इंग्रजीत सांगतो, इंजिनिअर मराठीत सुपरवायझरला, सुपरवायझर हिंदीत ऑपरेटरला, कारण ऑपरेटर बहुधा बिहारचा नाहीतर ओडिशाचा असतो. चार तोंडांतून गेलेल्या सूचनेतून निघते ते ‘प्रेशर कमी करा’. तज्ज्ञाला म्हणायचे होते ते त्या कोपऱ्यापुरते. अनुभवी माणसे इथे बोलत बसत नाहीत. मार्करने पॅनेलवर गोल काढतात, बाण काढतात, आकडा लिहितात, तारीख घालतात आणि तो पॅनेल प्रेसशेजारी टांगून ठेवतात. सुरक्षेच्या सूचनांना तर हे आणखी लागू आहे. मशीन बंद करून कुलूप लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे ज्याला ऐकायचे आहे त्याच्या भाषेत आणि चित्रात लिहिलेले असावे. परदेशी अधिकाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न तोच: लाइनवरच्या पाटीवरची भाषा लाइनवरच्या माणसाला वाचता येते का? चाकणमधले खरे परके ते कंत्राटी कामगार आहेत, पण त्यांच्यासाठी कुणी सी फॉर्म भरत नाही.

गाडी चालवण्याबद्दल आणि तब्येतीबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय परवान्यावर वर्षभर चालवता येते. जपानी माणसाला डावी बाजू सवयीची असते, जर्मन-कोरियनांना नसते, पण चाकणमध्ये उलट्या दिशेने येणारी दुचाकी दोघांनाही सारखीच नवी. ड्रायव्हर घ्यावा. पावसाळ्यानंतर डेंग्यूचा ताप अंगावर काढू नये, पाणी उकळलेले किंवा सीलबंद प्यावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बारेचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याचाच संशय आधी आला. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. योगायोगाने जर्मनीतही रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२ वरच येतात. जपानमध्ये मात्र ११९, आणि पोलिसांना ११०.

आता जाणाऱ्यांबद्दल सविस्तर. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी, मर्सिडीजचे गाव. साहजिकच निगडी-भोसरीच्या आयटीआयतल्या मुलांनी कान टवकारले. पण करार सरकारांमध्ये होतो आणि व्हिसा माणसाला मिळतो. जर्मनीच्या नव्या नियमात प्रमाणपत्राला तिथली मान्यता न घेताही अनुभवावर जाण्याची एक वाट आहे. तिला निदान दोन वर्षांचे, सरकारमान्य प्रशिक्षण लागते आणि शिवाय दोन वर्षांचा अनुभव. आयटीआयचा फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. वेल्डरचा एका वर्षाचा. हात कितीही बसलेला असो, एकट्या वेल्डरच्या प्रमाणपत्रावर ही वाट उघडत नाही. पगाराचीही किमान अट आहे, २०२५ साली ती वर्षाला ४३,४७० युरो होती; कंपनीत कामगार संघटनेचा सामूहिक करार लागू असेल तर ती सैल होते. जपानच्या कुशल कामगार व्हिसाला कौशल्याची परीक्षा आणि एन-४ दर्जाचे जपानी लागते. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, त्यामुळे भाषेसाठी एजंटाच्या ‘पॅकेज’वर अवलंबून राहण्याचे कारण नाही.

एजंटाबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना नसलेल्याला परदेशातल्या नोकरीसाठी भरती करता येत नाही. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येते. त्याने कामगाराकडून घ्यायचे शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये, अधिक जीएसटी, आणि त्याची पावती. तीन लाख, पाच लाख मागणारा माणूस नोकरी विकत असतो, आणि ती विकण्याचा अधिकार त्याला नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते. ठरावीक अठरा देशांत, त्यांत आखाती देशही आले, नोकरीला जाताना त्यांना सरकारची मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा लागतो. हा विमा दहा लाखांचा आहे आणि दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. जर्मनी-जपान त्या यादीत नाहीत, पण म्हणून परवाना नसलेला एजंट चालतो असे नाही.

पासपोर्ट कुणाच्याही हाती ठेवायचा नाही. आपल्या कायद्यानुसार पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाला, एजंटाला, वसतिगृहाच्या व्यवस्थापकाला तो ठेवून घेण्याचा अधिकार नाही. जपानमध्ये प्रशिक्षणार्थींचा पासपोर्ट ठेवून घेणे तिथल्या कायद्यानेच गुन्हा आहे. ‘सेफ राहील म्हणून ऑफिसात जमा करा’ असे सांगितले जाते तेव्हा झेरॉक्स द्यावी. आणि करार. तो जर्मन-इंग्रजी किंवा जपानी-इंग्रजी अशा दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर कोणती प्रत धरली जाईल हे त्यातच लिहिलेले असते, बहुधा शेवटच्या पानावर. तेच पान आधी वाचावे. मग परिविक्षेचा काळ: जर्मनीत तो सहा महिन्यांपर्यंत असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. तेवढा काळ परतीचे भाडे बाजूला असू द्यावे.

परतीचे कागद येण्याच्या कागदांइतकेच महत्त्वाचे आहेत आणि त्यांकडे कुणी लक्ष देत नाही. चाकणहून परतणाऱ्या परदेशी माणसाचा देश करारातला असेल तर नोकरी सुटल्यावर त्याला पीएफ काढता येतो. नसेल तर वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत थांबावे लागते. जपानहून परतणाऱ्याने निदान सहा महिने पेन्शनची वर्गणी भरली असेल तर देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागायचा असतो. त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. मात्र हा परतावा घेतला की ती वर्षे पेन्शनच्या मोजणीतून पुसली जातात. पुढे पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर घाई करू नये. जर्मनीत पाच वर्षांपेक्षा कमी वर्गणी भरून परतलेल्याला २४ महिने थांबून स्वतःचा हिस्सा परत मागता येतो. तिथले घर सोडताना नगर कार्यालयातले नावही काढावे लागते, निघण्याच्या आधी एक आठवड्यापासून नंतर दोन आठवड्यांपर्यंत. ते राहिले तर रेडिओची वर्गणी मागणारी पत्रे जुन्या पत्त्यावर येत राहतात. आणि परताव्याचे पैसे कोणत्या खात्यात येणार हे लेखी ठरल्याशिवाय तिथले बँक खाते बंद करायचे नाही.